ताका उजवाड जाय

आमच्या हॉलमध्ये काळोख आहे, असं आई पहिल्या दिवसापासून म्हणत होती. मी ते तिच्या डोळ्यांच्या खाती टाकून मोकळी झाले.

कारणही तसंच होतं. आईला काचबिंदू आहे. कडेची नजर कधी गेली ते तिचं तिलाही कळलं नाही. दारातून ये-जा करताना खांदा चौकटीला लागू लागला, तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे धावलो. या दुखण्यात गेलेली नजर परत मिळत नाही, उरलेली तेवढी राखायची. त्यासाठी रोज रात्री साडेनऊला दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. साखळीजवळच्या गावात ती एकटी, थेंब कोण घालणार? म्हणून मागच्या दसऱ्यानंतर घराला कुलूप लावलं आणि तिला पर्वरीला माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. सामान फारसं नव्हतं. कपड्यांची बॅग, देवाची पेटी, लोणच्याची बरणी आणि मांडीवर घेतलेली क्रोटनची कुंडी. ती कुंडी तिनं डिकीत ठेवू दिली नाही.

गोव्यात क्रोटनचं कुणाला अप्रूप असतं? कुंपणाला क्रोटन, फाटकाला क्रोटन, शाळेच्या पायऱ्यांशी क्रोटन. गुच्छ बांधताना फुलांच्या मागे लावायला चार पानं हवी असली की कुणीही कुणाच्याही कुंपणातून तोडून आणतं, विचारतही नाही. आमच्या घरचं झाड मात्र बाहेर नव्हतं. ते राजांगणात, तुळशीच्या मागच्या कोपऱ्यात. आमचं घर चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं, आणि मधोमध हे चौकोनी आभाळ. सकाळी नऊनंतर त्या कोपऱ्यात ऊन उतरायचं, दुपारी कौलांची सावली पडायची. आईनं ते लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेलं. पानं लांबट, जरा पिळवटलेली, मधल्या शिरेला तांबडी, कडेला शेंदरी, आणि मध्ये कुणी ब्रश झटकावा तसे पिवळे ठिपके. दोन पानं एकसारखी नाहीत. लहानपणी मी आणि भाऊ सारखी पानं शोधायची पैज लावायचो. कुणीच कधी जिंकलं नाही.

कुंडीतलं रोप त्याच झाडाचं. घर बंद होणार हे ठरलं नव्हतं तेव्हाच, जून लागताना, आईनं गुटी बांधली होती. पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडायची, सुरीनं बोटाच्या पेराएवढी साल गोल सोलून काढायची, भिजवलेल्या नारळाच्या सोडणाचा भुसा मुठीएवढा तिथे बसवायचा, वरून प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीनं आवळायची. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरत असतं. साल तुटली की ते तिथेच अडतं आणि त्या जागी मुळं फुटतात. बाहेर पाऊस असतो, भुसा सुकत नाही. महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसू लागतात. मग खालून कापायचं आणि कुंडीत लावायचं. आईनं हे सगळं हातानं केलं, म्हणजे अक्षरशः हातानं. डोळ्यांचा उपयोग तिला तेव्हाच फारसा होत नव्हता.

बियांपासूनही क्रोटन येतं, पण रोप आईसारखं निघेल याचा भरवसा नाही. तोच रंग हवा असेल तर फांदीच लावावी लागते. म्हणून माझ्या हॉलमध्ये आलं ते राजांगणातल्या झाडाचं पिल्लू नव्हे, ते झाडच. त्याच्याच अंगाचा तुकडा. ही गोष्ट मला तेव्हा माहीत होती, पण तिचा अर्थ पुढे कळला.

कुंडी मी टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवली. पांढरी भिंत, तिच्यासमोर ते रंग. फार सुंदर दिसलं. दोन आठवड्यांत अर्धी पानं गळली. सकाळी उठावं तर फरशीवर चार पानं, दुसऱ्या दिवशी आणखी तीन. मी घाबरले. आई शांत होती. म्हणाली, नखानं खोड जरा खरवड आणि आत काय दिसतं ते सांग. हिरवं, ओलसर दिसत होतं. "मग जित्तें आसा," ती म्हणाली. जिवंत आहे. (आई बोलते कोकणी, वाचते मराठी, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. इथे मी तिचं बोलणं मराठीत आणते आहे, पण काही शब्द आणता येत नाहीत, ते तसेच ठेवते.) जागा बदलली, हवा बदलली की क्रोटन पानं टाकतं. अशा वेळी पाणी ओतत सुटू नये, खत घालू नये, आणि मुख्य म्हणजे पुन्हा जागा हलवू नये. पेरभर बोट मातीत घालायचं, कोरडं लागलं तर पाणी द्यायचं, बाकी वाट बघायची.

डिसेंबरात शेंड्याला नवी पानं आली. जानेवारीत आणखी आली. फेब्रुवारीपर्यंत झाड भरलं आणि अगदी हिरवंगार झालं. येणारी-जाणारी माणसं म्हणत, काय टवटवीत आहे हो! मलाही धन्य वाटायचं. हिरवं म्हणजे बरं चाललंय, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. हिरवा चुडा, हिरवी पालवी, हिरवं शेत. आपल्या बोलण्यात हिरवं बहुतेक चांगलंच असतं.

आई रोज सकाळी ओल्या फडक्यानं त्याची पानं पुसायची. खालून डाव्या हाताचा तळवा धरायचा, वरून उजव्या हातानं देठाकडून टोकाकडे एकदा. एका सकाळी ती मध्येच थांबली. खालचं एक जुनं पान चिमटीत धरलं, मग वरचं नवं, मग पुन्हा जुनं.

"हें पान पातळ लागता," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "ताका उजवाड जाय गो."

उजवाड म्हणजे उजेड, जाय म्हणजे हवा. पण मराठी 'उजेड' उच्चारताना त्यात नुसता दिवा लागतो. 'उजवाड' म्हटलं की मला पहाट होताना दिसते. मी पानं हातात घेऊन पाहिली. खरंच, राजांगणात वाढलेली जुनी पानं चामड्यासारखी जाड होती. माझ्या हॉलमधली नवी मोठी, रुंद, पण मऊ आणि पातळ. उन्हात वाढलेलं पान जाड होतं, सावलीतलं पातळ आणि पसरट. मिळेल तो उजेड झेलायला ते पसरतं. आणि हिरवं का? तेही त्याच कारणानं. कमी उजेडात झाडाला पोटापुरतं अन्न करायचं म्हणजे हरितद्रव्यच हवं. तांबडा-जांभळा रंग देणारं अँथोसायनिन उजेड भरपूर असला की बनतं. ते बऱ्याच अंशी पानाला जास्तीच्या उन्हापासून जपतं. आधीच उजेड तोकडा असेल तर ते कशाला बनवायचं? ज्या हिरवेपणाचं मी कौतुक ऐकत होते, ती क्रोटनची उपासमार होती.

मी मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप घेतलं. उघड्या दुपारच्या उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. माझ्या कोपऱ्यात, सकाळी अकरा वाजता, नव्वद. हॉलची एकुलती एक मोठी खिडकी उत्तरेला, आणि तिच्यासमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. तरी मला तो हॉल कधी अंधारा वाटला नव्हता, कारण धडधाकट डोळा फार सांभाळून घेतो. बाहेरून आत आलो की बाहुली रुंदावते, चार क्षणांत सगळं नीट दिसू लागतं आणि उजेड हजारपटीनं कमी झालाय हे आपल्या गावीही नसतं. झाडाच्या पानाला बाहुली नसते. काचबिंदू झालेल्या डोळ्याला कमी उजेडातले कमी-अधिक छटांचे फरक ओळखणं जड जातं.

आईची खुर्ची त्या कुंडीला लागूनच होती. चार महिने.

त्या रविवारी मी माझी बेडरूम आईला दिली. तिची खिडकी आग्नेयेला आहे, सकाळचं ऊन थेट पलंगापर्यंत येतं. यावर आम्ही दोघी फार काही बोललो नाही. तिनं फक्त खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि हातांवर ऊन पडलं होतं ते काही वेळ तसंच राहू दिलं. क्रोटन मात्र लगेच उन्हात ठेवायचं नव्हतं. सावलीत वाढलेलं पान एकदम उन्हात आलं की भाजतं, तपकिरी डाग पडतात आणि ते पुन्हा जात नाहीत. पहिला आठवडा खिडकीपासून चार हात लांब, मग दोन हात, मग पातळ पडद्याआड, आणि शेवटी कठड्याजवळ. पणजीत फोंतैन्यांसमधल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं असतात ना, त्यांतून जो दुधाळ उजेड आत येतो, तसा पडद्याआडचा उजेड क्रोटनला मानवतो.

मार्च-एप्रिलमध्ये नवी पानं आली. तीही हिरवीच! मी हिरमुसले, आणि मग आईनंच आठवण करून दिली की क्रोटनची पालवी बहुतेक हिरवीच असते, रंग नंतर चढतो. इतकी वर्षं ते झाड बघूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. आपल्या परड्यातला आंबा घ्या. मानकुरादची पालवी तांबूस, लुसलुशीत, लोंबती. पान जून झालं की हिरवं होतं. पिंपळाचं तसंच, काजूचंही तसंच. कोवळेपणी रंग, मोठेपणी हिरवं, ही या झाडांची रीत. क्रोटनच्या बऱ्याच जातींत ती उलटी चालते: पान हिरव्या-पिवळ्यात जन्मतं, मग शिरांना पिवळं, पिवळ्याचं शेंदरी, शेंदरीचं तांबडं. जे पान सगळ्यांत जुनं, खालचं, ते सगळ्यांत गडद. कॅलेंडरवरच्या झाडासारखे सगळे रंग एकदम दिसतात, कारण झाडावर सगळ्या वयांची पानं एकदम असतात.

त्या दिवसांत मी रात्री या झाडाबद्दल वाचत बसायचे आणि सकाळी आईला सांगायचे. क्रोटन हे आपण म्हणतो तेवढंच. वनस्पतिशास्त्रात खरं क्रोटन वेगळं, जमालगोटा त्यातला. लिनीयसनं याला त्या खऱ्या क्रोटनमध्येच घातलं होतं, पुढे ते वेगळं काढलं, पण नाव लोकांच्या तोंडी राहिलं. याचं शास्त्रीय नाव कोडियम व्हेरिगेटम. कोडियम हे तेर्नाते बेटावरच्या 'कोदिहो' या नावावरून आलं. तेर्नाते, अंबोन ही आजच्या इंडोनेशियातली मोलुकस बेटं, लवंग-जायफळाची. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५११ मध्ये मलाक्का, आणि १५१२ मध्ये त्यांची जहाजं या बेटांवर पोचली. पुढे कित्येक वर्षं तिथल्या किल्ल्यांचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले. १६०५ मध्ये डचांनी अंबोन घेतलं.

त्या डचांच्या नोकरीत रुम्फियस नावाचा एक जर्मन माणूस अंबोनला आला आणि तिथल्या झाडांच्या नादाला लागला. एकेक झाड, त्याची पानं, स्थानिक नाव, उपयोग, सगळं लिहून काढत होता. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. काचबिंदूमुळे, असं म्हणतात.

इथपर्यंत वाचलं तेव्हा मी उठून आईच्या खोलीत गेले होते. ती झोपली होती.

सकाळी तिला पुढचं सांगितलं. तो थांबला नाही. दुसऱ्यांना सांगून लिहून घ्यायला लागला. १६७४ च्या भूकंपात त्याची बायको आणि मुलगी गेली. १६८७ मध्ये आगीत चित्रं जळाली. ती दुसऱ्यांकडून पुन्हा काढून घेतली. हस्तलिखिताचा पहिला भाग हॉलंडला निघाला तर ते जहाज बुडवलं गेलं. नक्कल ठेवलेली होती म्हणून वाचला. १७०२ मध्ये तो वारला, आणि ग्रंथ छापायला सुरुवात झाली १७४१ मध्ये. त्या ग्रंथात कोडियम आहे, चित्रासकट. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: "त्याच्या डोळ्यांत थेंब कोण घालायचं?"

त्या काळी काचबिंदूवर थेंब नव्हते, हे मी तिला सांगितलं नाही.

घरात क्रोटन सांभाळायचं तर पुस्तकांतला एक सल्ला मात्र गोव्यात तसाच उचलू नये. बाहेरदेशची पुस्तकं सांगतात की हिवाळ्यात उजेड कमी, म्हणून पाणी कमी. आपल्याकडे उलटं आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, दक्षिणेच्या आणि आग्नेयेच्या खिडकीतून ऊन खोल आत येतं, आभाळ स्वच्छ असतं. क्रोटनसाठी ही चैन. थंडीही अशी पडत नाही की त्याला बाधावी. बाधतो तो एसी. मेच्या सुरुवातीला सूर्य आपल्या डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारी तो चक्क उत्तरेला असतो. पण नेमका तेव्हाच जून येतो आणि आभाळ दाटतं. आपल्या घरातल्या झाडांचा काळोखाचा ऋतू म्हणजे जून, जुलै आणि अर्धा ऑगस्ट. हवा ओलीच असते, माती सुकत नाही, आणि सवयीनं रोज पाणी घातलं तर मुळं कुजतात. या वर्षी आषाढात मी आठवड्यातून एकदा घातलं, एकदा तर दहा दिवसांनी. रंग थोडे उतरले, ते उतरणारच.

कीड आईला माझ्याआधी कळते. मे महिन्यात ती म्हणाली, पानाखाली बारीक रवा लागतोय हाताला. मी भिंग घेऊन पाहिलं तर लाल कोळी, बारीक जाळं धरलेलं. एसी चालू असायचा, खोलीची हवा कोरडी पडली होती; या कोळ्यांना तेच हवं असतं. कुंडी न्हाणीघरात नेऊन पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा फवारा मारला, तीन दिवसांनी पुन्हा, मग निंबोळीचं तेल साबणाच्या पाण्यात घालून. एसी बंद केला, पंखा लावला. आणखी एक गोष्ट आमच्या घरात नियमाची झाली आहे: झाडाला हात लावला की साबणानं हात धुवायचे, आणि थेंब घालायच्या आधी तर दोनदा. क्रोटन एरंडाच्या कुळातलं. पान तुटलं की चीक येतो, तो कुणाकुणाच्या कातडीला बाधतो, डोळ्यात गेला तर फार झोंबतो. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवावी. आमच्याकडे दोन्ही नाहीत.

आता श्रावण संपत आला. ऊन-पाऊस सुरू झालाय, खिडकीत मधूनच लख्ख होतं. परवा आईनं वरून तिसरं पान धरलं आणि विचारलं, "रंग कोणता आलाय?" रोजच विचारते. मी सांगितलं, कडा अजून हिरवी, पण शीर पिवळी झाली आहे, आणि देठाजवळ, अगदी कुंकवाची काडी लागावी एवढं, तांबडं. "आणि जाड आहे," ती म्हणाली. जाड होतंच.

पुढच्या आठवड्यात चवथ. चवथीला मूळ घर उघडावं लागतं. भाऊ मुंबईहून येईल, काकांकडची मंडळी येतील, गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीसाठी आंबाडे, सुपारीचे घोस, तोरंजन गोळा करायची धावपळ असेल. दहा-बारा महिने बंद असलेल्या घरात ओल आली असणार, राजांगणात शेवाळ धरलं असणार, तिथून चालताना आईचा हात धरायला हवा. तिथलं झाड कसं आहे ते शेजारणीनं फोनवर सांगितलंय, चांगलं वर गेलंय म्हणे, कौलांना लागलंय.

काल रात्री थेंब घातल्यावर डोळे मिटून पडल्या-पडल्या आई म्हणाली, निघताना इथल्या झाडाचं एक पान काढून घे. तेच, तिसरं. तिथे राजांगणातल्या झाडाचं तसंच एक घेऊन तिला दोन्ही पानं दोन हातांत धरून बघायची आहेत. मी म्हटलं, प्रवासात सुकेल ना. ती म्हणाली, देठाला ओलं फडकं गुंडाळ, साखळीपर्यंत काही होत नाही. फक्त फडकं जुनं घे, चिकाचे डाग जात नाहीत.

आज सकाळी मी जुन्या सुती साडीचा हातभर तुकडा फाडून, धुऊन, तिच्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवला आहे.